अर्थिंगला पाणी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'इमारत क्रमांक चारचे अर्थिंग पाहणीअंती सुस्थितीत आढळले.' पाहणी कुणी केली? आढळलं कुणाला? चौदा वर्षं हा कागद माझ्या पेटीत आहे. घडीवर फाटला, तर मागून डिंकानं पट्टी लावली. तुमची सही अजून ठळक आहे. सहीखाली नाव नाही, नुसता हुद्दा आहे, म्हणून मीही तुम्हाला नुसतं साहेबच म्हणते. त्या कागदात जे नाही तेवढंच सांगते.

"काकू, मीठ आहे का तुमच्याकडं? आमच्यातलं संपलंय."

वैजयंता हातात बादली घेऊन उभी होती. खालच्या शेट्यांची सून. लग्नाला सहा महिने झालेले, वय वीस. होळी होऊन गेलेली, दुपारचे बारा. मी शाळेतली खिचडी शिजवून, पातेली घासून नुकतीच आले होते आणि इमारतीच्या मागं अर्थिंगच्या खड्ड्यावर पाणी ओतत होते. त्या बुधवारी पाळी आमची दोन घरांची होती. तिच्या घरात सुतक होतं, सासूचा बारावा दिवस, तरी पोरगी पाळीला आली होती.

सूतगिरणीच्या कामगारांसाठी सरकारी मंडळानं बांधलेल्या सात इमारती. प्रत्येकीच्या मागच्या भिंतीवर तुमच्या ऑफिसनं निळ्या रंगात लिहून ठेवलेलं: 'अर्थिंगला नियमित पाणी घालावे.' खाली सिमेंटचं छोटं झाकण, त्याला मध्ये भोक. उन्हाळा लागला की बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन बादल्या पाणी आणि मूठभर मीठ. नळाला दिवसाआड पाणी यायचं, प्यायला पुरायचं नाही, पण ह्या भोकात आम्ही बायका अकरा वर्षं न चुकता ओतत आलो. कुणाची पाळी चुकली की भांडण ठरलेलं. कारण शॉक सगळ्यांनाच बसायचे. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या, नळाला लावला की झिणझिण्या. ऑफिसात गेलं की तुमचा माणूस म्हणायचा, "बाई, पाणी कमी घालताय तुम्ही." मग आम्ही आणखी एक बादली ओतायचो आणि घरोघर फ्रिजसमोर लाकडी पाट ठेवायचो.

मी पदरातल्या पुडीतलं अर्धं मीठ तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते भोकात टाकलं, वर बादली उपडी केली आणि तिथंच बसली.

"काकू, उद्या बाबा येणारेत. टेम्पो घेऊन."

"तेराव्याला टेम्पो कशाला गं?"

"मला न्यायला. मशीनसकट."

मशीन म्हणजे कपडे धुवायचं. तिच्या बापानं लग्नात दिलेलं. आमच्या इमारतीतलं पहिलंच. हिराक्का, तिची सासू, जिला ती आत्या म्हणायची, ते बघायला बायकांना घरात बोलवायची. बारा दिवसांपूर्वी पहाटे पाणी आलं, हिराक्कानं मागच्या ओट्यावर मशीन लावलं, कपडे काढायला हात घातला आणि जागच्या जागी पडली. ओटा ओला, पाय अनवाणी.

"दुकानवाल्यानं परवा सगळं खोलून बघितलं," वैजयंता म्हणाली. "मशीनमध्ये काहीच नाही म्हणला. मला वाटलं, सुटले. तर आत्याच्या बहिणी म्हणाल्या, मशीनमध्ये नाही म्हणजे हिच्या पायगुणात आहे."

"आणि महादेव काय म्हणतो?"

"ते भिंतीकडं बघत बसतात."

"आणि तुझे सासरे? अण्णा?"

"अण्णा बोलतच नाहीत. सकाळी एवढंच म्हणले, तुझ्या बापाला फोन लावलाय." तिनं नाक पुसलं. "काकू, मशीन चांगलं, मग आत्या गेल्या कशानं?"

मी रिकामी बादली उचलली आणि वर आले.

माझी मयुरी घरातच होती. अठरावं नुकतं सरलेलं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला पहिल्या वर्षात. वर्गात चाळीस पोरं आणि ही एकटी मुलगी. नवरा गेल्यावर सहा वर्षं मी आणि ती. मी तिला वैजयंताचं सांगितलं. ती वही मिटून उठली. म्हणाली, "आई, परवाच आम्हाला शिकवलंय. थांब."

तिनं एका होल्डरला दोन तारा लावल्या, बल्ब बसवला. तारांची टोकं आमच्या स्वयंपाकघरातल्या तीन भोकांच्या प्लगमध्ये घातली. बल्ब लख्ख पेटला.

"हा फेज आणि न्यूट्रल. आता एक तार वरच्या मोठ्या भोकात घालते. ते अर्थिंगचं. बल्ब पेटला म्हणजे खाली जमिनीशी जोड आहे."

बल्ब पेटला नाही.

"नीट लाव."

"नीटच लावलंय."

"तारेला गंज असेल."

"आई, आपल्याला अर्थिंगच नाहीये."

"येडी का तू? अकरा वर्षं पाणी घालतेय मी."

तिनं तारा प्लगमधून काढल्या. कुदळ घेऊन खाली गेली. मीही गेले. दुपारी दोनला त्या उन्हात मागं कुत्रंही नव्हतं. झाकण फोडायला लागलं नाही, नुसतं उचकटलं. खाली चिखल. खरं तर दोन पुरुष खोल खड्डा हवा, त्यात तळाला लोखंडी प्लेट, वर कोळसा आणि मीठ, आणि प्लेटीला जोडलेली जाड तार. मयुरी हे वहीतलं पाठ म्हणत होती आणि खणत होती. तार सापडली. हातभर खाली गेली आणि संपली. तिचं टोक एका विटेभोवती गुंडाळलेलं होतं.

वीट, साहेब. भाजलेली साधी वीट. वर ओढली तर तार निघून येईल, म्हणून वजनाला बांधलेली.

मला हसू आलं. मोठ्यानं हसले मी. हिराक्का तर शनिवारी मिठाबरोबर चिमूटभर हळदही टाकायची.

मयुरी हसली नाही. ती विटेकडं बघत होती, मग इमारतीच्या भिंतीवरून वर जाणाऱ्या तारेकडं बघायला लागली. खालच्या शेट्यांच्या घरातून आमच्या घरात, आमच्यातून वरच्या दोन मजल्यांवर. एकच तार.

"आई, तू वर जा. गिझरच्या बटणापाशी थांब. मी हाक मारली की चालू कर."

"का?"

"जा ना!"

गिझर आमचे हे असताना बसवलेला. पाठीचं दुखणं असल्यानं मला बारा महिने गरम पाणी लागतं. गेलं वर्षभर त्याचा नळ झिणझिण्या द्यायचा. मला माहीत होतं. मी पाटावर उभी राहायचे आणि प्लास्टिकच्या मगानं नळ फिरवायचे. दुरुस्तीला माणूस बोलवायचा तर एक दिवसाची खिचडी बुडवून घरी थांबावं लागणार, म्हणून आज करू, उद्या करू.

खालून, शेट्यांच्या मागच्या ओट्यावरून तिची हाक आली. "चालू!"

मी बटण दाबलं.

"बंद!"

बंद केलं.

"चालू!... बंद!... चालू!"

पाचव्यांदा मी बंद केलं आणि खालून पुढची हाक आली नाही. मयुरी जिना चढून आली. हातात टेस्टर होता. उंबऱ्यात बसली.

"तू चालू केलंस की मशीनच्या पत्र्याला टेस्टर पेटतो. बंद केलंस की विझतो."

"मशीनचं बटण बंद होतं ना?"

"बंदच होतं. मशीनचा काही संबंधच नाही. आपल्या गिझरची वीज अर्थिंगच्या तारेत उतरते. ती जमिनीत जायला पाहिजे. जमिनीशी जोडच नाही, मग ती तारेतनं सगळ्यांच्या घरात फिरते. जो ओल्या पायानं हात लावेल..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "त्या दिवशी तू किती वाजता आंघोळ केलीस?"

मी पावणेसहाला करते. रोज. पाण्याच्या दिवशी नळाला पाणी साडेपाचला येतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, हे कुणाला कळणार नाही. कुणाची वीज, हे तारेवर लिहिलेलं नसतं. गिझर काढून टाकू. खड्ड्याचं सांगू, तेवढंच सांगू."

"खड्डा रिकामा म्हणून सांगितलं तर अण्णा विचारतील, वीज आली कुठनं? तेव्हा काय सांगू? पोरीला उद्या टेम्पोत घालतायत."

"घालू दे! ती तिच्या बापाकडं जाईल. तुला पोलिसांनी नेलं तर मी कुणाकडं जाऊ?"

लेकीनं विचारलेला प्रश्न बरोबर होता. मी उठले, चूळ भरली.

"गाडी काढ," मी म्हटलं. "ऑफिसात जाऊ."

गाडी म्हणजे जुनी स्कूटी, महिन्यापूर्वी घेतलेली. मयुरीकडं शिकाऊ लायसन्स, पुढं लाल अक्षर चिकटवलेलं.

"आई, माझी कंबर सोड. श्वास घेता येईना."

"मग ब्रेक लावताना सांगत जा आधी."

"ब्रेक सांगून लावतात का कुणी?"

चौकात समोरून ऊस घेऊन ट्रॅक्टर आला आणि तिनं दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी उभी केली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ताई, घरी शिका की!" ती ओरडली, "तुमच्या ट्रॉलीला मागं दिवा आहे का, ते बघा आधी!" मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीती वाटली, की ह्या पोरीचं मी आज काय करायला निघाले आहे.

तुम्ही चांगले वागलात, साहेब. खुर्ची दिलीत, पंखा वाढवलात. मी विटेचं सांगितलं तेव्हा तुमची मान हलली नाही. "खोदकाम परवानगीशिवाय केलंत," एवढं म्हणालात. मग मी गिझरचं सांगितलं आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंत.

"लिहून द्या. दोन्ही गोष्टी. सविस्तर."

मयुरी कानात कुजबुजली, "दुसरी लिहू नको."

मी लिहिली. पहिल्या पानावर खड्डा, वीट, तार. दुसऱ्या पानावर माझा गिझर. माझं शिक्षण सातवी. रद्दीतल्या पेपरावरून पुढचं शिकलेली. दोन पानांना दीड तास लागला. तुम्ही दुसरं पान दोनदा वाचलंत.

"बरं केलंत, बाई. अशी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत हल्ली. उद्या माणूस पाठवतो पाहणीला."

जिन्यावर मयुरी म्हणाली, "पोच घेतली का?"

पोच घ्यायची असते हे मला माहीत नव्हतं. आम्ही परत वर गेलो तर दार बंद होतं. शिपाई म्हणाला, साहेब साइटवर गेले.

दुसऱ्या दिवशी तेरावा. सकाळी मी शाळेत खिचडीला, मयुरी प्रॅक्टिकलला. शेट्यांच्या घरची माणसं पिंडाला तळ्यावर गेलेली. बाराला परत आले तर इमारतीच्या दारात टेम्पो उभा, आणि मागं, जिथं आम्ही पोत्यानं झाकलेला उघडा खड्डा होता, तिथं ओलं सिमेंट. वर नवं झाकण. बाजूला कोळशाची भुकटी सांडलेली. वीट कुठंच नव्हती. तुमची माणसं येऊन, प्लेट पुरून, गुळगुळीत करून गेली होती. आमच्या फोनला कॅमेरा नव्हता.

मयुरी नुकतीच आली होती. सिमेंटला बोट लावून म्हणाली, "आता काय सांगशील?"

शेट्यांच्या घरी पंगत बसायची होती. भावकी, हिराक्काच्या दोन बहिणी, भिंतीला टेकून महादेव. दारात वैजयंताचा बाप टोपी हातात घेऊन उभा, शेजारी तिची ट्रंक. वैजयंता आतल्या दाराशी. शेटेअण्णा, गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, पाटावर बसून समोरच्या रिकाम्या ताटाकडं बघत होता.

मी उंबऱ्यातूनच बोलले, नाहीतर जमलं नसतं.

"अण्णा, पोरीला पाठवू नका. हिराक्का माझ्यामुळं गेली."

मी सगळं सांगितलं. रिकामा खड्डा, वीट, एकच तार, माझा गिझर.

हिराक्काची धाकटी बहीण म्हणाली, "वरचा गिझर खालच्या माणसाला मारतो व्हय? मध्ये स्लॅब आहे का पापड? पोरीला वाचवायला आलीय ही."

"आणि खड्डा तर बांधलेला दिसतोय चांगला," भावकीतला कुणी म्हणाला.

"आज सकाळी बांधला!"

"ऑफिसवाले तुमच्यासाठी आले होते व्हय सकाळी सकाळी?" कुणीतरी हसलं.

मयुरी पुढं झाली. "दाखवते. आई, वर जा. चालू कर."

ती मागच्या ओट्यावर मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावून उभी राहिली, भोवती मंडळी जमली; अण्णा पाटावरून आणि महादेव भिंतीपासून उठले नाहीत. मी वर गेले. हाक आली, बटण दाबलं. फट् करून आवाज झाला आणि आमच्या घरातला पंखा थांबत गेला.

खालून हसण्याचा आवाज आला. "पेटला का गं टेस्टर?" "नाही पेटला." "झालं नाटक?"

मी पळत खाली आले. मयुरी टेस्टरकडं बघत नव्हतीच. ती उघड्या दारातून आत अण्णांकडं बघत होती.

"अण्णा, आमचा फ्यूज उडाला," ती म्हणाली. "हे घर मिळाल्यापासून अकरा वर्षांत आमचा फ्यूज एकदाही उडालेला नाही. काल दुपारी पाच वेळा हाच गिझर चालू-बंद केला, तेव्हाही उडाला नाही. आज का उडाला?"

अण्णांनी मान वर केली. तीस वर्षं त्या माणसानं गिरणीत मशीनं सांभाळली होती.

"आज जमिनीत वाट मिळाली म्हणून," ते हळू बोलले. "वाट असती तर त्या दिवशीही उडाला असता." त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. "वर फ्यूज उडाला असता, आणि ही कपडे वाळत घालून आत आली असती."

धाकट्या बहिणीनं काही बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला.

"वैजयंता."

"जी."

"पाहुणे खोळंबलेत. वाढायला घे."

ती हलेना. बाप दारात तसाच उभा. अण्णा पुन्हा म्हणाले, "घरच्या सुनेनं नाही वाढायचं तर कुणी? महादेव, ती ट्रंक आत ठेव. व्याही, हातपाय धुवा." महादेव भिंत सोडून उठला, तेरा दिवसांत पहिल्यांदा. वैजयंतानं भाताचं पातेलं उचललं आणि पहिल्या ताटात वाढताना भात कडेलाच सांडला.

मग अण्णा माझ्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता.

"लीला, तू जेवायला बसू नको. तुला माहीत होतं झिणझिण्या येतात ते. तू पाटावर उभी राहिलीस."

"होय," मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर ते आठ वर्षं जगले, पण माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मला त्यात चूक दिसत नाही.

महिन्याभरानं तुमचा अहवाल आला. मयताचा मृत्यू वरील मजल्यावरील रहिवासी श्रीमती लीला घोडके यांच्या सदोष गिझरमुळे. तसा त्यांचा लेखी कबुलीजबाब सोबत जोडला आहे. इमारतीचे अर्थिंग सुस्थितीत आढळले. सोबत माझं दुसरं पान जोडलेलं. पहिलं पान नव्हतं. माझ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला. गुन्हा असलेल्या बाईनं पोरांचं अन्न शिजवायचं नाही म्हणून शाळेनं काढलं. सात वर्षं तारखा चालल्या. प्रत्येक तारखेला स्कूटीवरून मयुरीनं नेलं. अण्णांनी कोर्टात फ्यूजचं सांगितलं, माझ्याकडं न बघता. मी सुटले. कोर्टानं तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमची बदली झालेली होती, आणि नंतर तुम्ही रिटायर झालात.

गिझर माझा होता. हे मी पंगतीत सांगितलं, कागदावर लिहिलं, कोर्टात सांगितलं. मी दमले आहे, साहेब. ह्या गोष्टीला परत हात लावायची मला इच्छा नव्हती. पण मयुरी आता लायसन्सवाली इलेक्ट्रिशियन आहे, वस्तीतली विजेची कामं तीच करते. परवा तिसऱ्या नंबरच्या इमारतीत एका बाळंतिणीच्या घरी ती पंखा बसवायला गेली होती. जाता जाता तिनं प्लगच्या वरच्या भोकात तार घालून बल्ब बघितला.

पेटला नाही. पाचव्या इमारतीत बघितला. तिथंही नाही.

आमच्यामागचा खड्डा तुम्ही एका सकाळीत भरलात. तुम्हाला माहीत होतं कसा भरायचा. मग बाकीच्या सहांचं काय केलंत? तुमच्या जागी आता दुसरे साहेब आहेत. ते म्हणतात, जुन्या अहवालात सगळं सुस्थितीत आहे, आम्ही कशाच्या आधारावर खोदायचं? आधार तुमची सही आहे. तुम्ही अजून जिवंत आहात, ह्याच जिल्ह्यात राहता, मला पत्ता मिळालेला आहे. त्या सहा खड्ड्यांत प्लेटा आहेत की नाहीत? लेखी नको मला. येऊन त्या बाळंतिणीच्या दारात उभे राहा आणि तोंडानं सांगा.